चित्रकथन, शालेय

ठरावीक क्रमाने लावलेल्या चित्रांच्या किंवा छायाचित्रांच्या आधारे वर्गात एखादी कथा, प्रसंग वा प्रक्रिया सांगण्याची आणि विद्यार्थ्यांकडून सांगवून घेण्याची अध्यापनपद्धती. प्राथमिक शाळांत रूढ असलेल्या चित्रवाचनात एका चित्रातील माणसे व वस्तू ओळखून त्यांचे वर्णन करायचे असते; चित्रकथनात एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना मधल्या अवकाशात काय घडले असावे, ते शब्दांत आणावे लागते. व्यवहारात हा भेद नेहमी पाळला जातो असे नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः विदर्भाच्या ग्रामीण भागातील शाळा आणि मोफत उपलब्ध असलेली ऑनलाइन साधने यांचा विचार केला आहे.

चित्र दाखवून कथा सांगण्याच्या भारतीय परंपरेचा आरंभ वादग्रस्त आहे. पतंजलीच्या महाभाष्यात (सर्वसाधारणपणे इ. स. पू. दुसरे शतक) पाणिनीच्या ३.१.२६ या सूत्रावरील विवेचनात कंसवधाचा दाखला येतो. तेथे शौभिक व ग्रंथिक (कथापठण करणारे) यांच्यासोबत चित्रांचाही उल्लेख असून चित्रांतही उगारलेले आणि कोसळणारे प्रहार दिसतात, असे म्हटले आहे. शौभिक हे पडद्यावरील सावल्यांची चित्रे दाखवून त्यांचा अर्थ सांगणारे असावेत, असे संस्कृतचे अभ्यासक हाइन्रिख ल्यूडर्स यांचे मत होते; दुसरे अभ्यासक ए. बी. कीथ यांचा कल त्यांना नट मानण्याकडे होता. वाद शौभिकांच्या स्वरूपाविषयी असला, तरी चित्रातून घटनाक्रम ‘वाचला’ जात असे, एवढे त्या उताऱ्यावरून निश्चित म्हणता येते. पुढे मुद्राराक्षसातील यमपट (यमलोकाची चित्रे असलेला पट) घेऊन हिंडणारा हेर आणि बाणभट्टाच्या हर्षचरितातील यमपट्टिक यांच्यामुळे व्यावसायिक चित्रकथकाचा पुरावा अधिक स्पष्ट होतो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासातही चित्रकथकाचा निर्देश आहे.

मराठी वाचकाला चित्रकथी म्हटले की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी आठवते. तथापि रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात चित्रकथी किंवा हरदास या फिरत्या समाजाची स्वतंत्र नोंद आहे. तीनुसार १९०१ मध्ये या समाजाची वस्ती मध्य प्रांतात २०० आणि वऱ्हाडात १,५०० होती व तीही मुख्यतः अमरावती जिल्ह्यात. मुंबई इलाख्यातील चित्रकथींची कुळनावे मराठ्यांच्या कुळनावांशी जुळतात, वऱ्हाडातील मात्र निराळी आहेत, या निरीक्षणावरून त्या ग्रंथात हा समाज व्यवसायामुळे एकत्र आलेला, मिश्र मूळ असलेला मानला आहे. हे अनुमान ग्राह्य धरल्यास वऱ्हाडी चित्रकथींना कोकणातील परंपरेची शाखा ठरवणे कठीण जाते. आजच्या वर्गातील चित्रकथनाशी त्यांचे नाते वारशाचे मानण्यापेक्षा साम्याचे मानणे अधिक सुरक्षित होय.

शिक्षणक्षेत्रात चित्रांचा पद्धतशीर वापर सामान्यतः कोमेनियस याच्या १६५८ मधील सचित्र पाठ्यपुस्तकापासून धरतात. जपानमध्ये १९३० च्या सुमारास लोकप्रिय झालेले कामिशिबाई, म्हणजे लाकडी चौकटीतून एकेक चित्रफलक सरकवत सांगितलेली गोष्ट, हे वर्गातील चित्रकथनाच्या अधिक जवळचे आहे. महाराष्ट्रात महादेव पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे रंगविलेल्या काचपट्ट्यांच्या प्रक्षेपणाचे खेळ केले. ते करमणुकीसाठी होते. वर्ध्यात १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या नई तालीम योजनेत हस्तोद्योग केंद्रस्थानी होता, चित्र नव्हे. चित्र व शब्द यांच्या जोडीने स्मरण सुधारते, या समजुतीला अ‍ॅलन पेव्हिओ यांच्या १९७१ मधील मांडणीने मानसशास्त्रीय आधार दिला. रिचर्ड मेयर यांनी मात्र अनावश्यक चित्रे व आवाज यांनी आकलनास बाधा येते, असे प्रयोगांनी दाखविले. सजावटीची हौस असलेल्या शिक्षकाला दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगी पडावा.

चित्रांची निवड हा या पद्धतीचा गाभा आहे. इंटरनेटवर शोधल्यास मिळणारे शेत, बैल वा घर हे बहुधा दुसऱ्याच मुलखातले असते, म्हणून परिसरात मोबाइलने काढलेली छायाचित्रे वरचढ ठरतात. पऱ्हाटीची (कपाशीची) पाती म्हणजे कळी, फूल, बोंड, वेचणी, जिनिंगमध्ये निघणारी सरकी आणि शेवटी रुईची गाठ हा क्रम यवतमाळ-अकोल्याकडील मुलांना ओळखीचा आहे. भंडारा-गोंदियाकडे त्याची जागा धानाचे पऱ्हे (रोपे), रोवणी (लावणी) आणि मळणी घेतात. संत्र्याचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, तर मृगाची जून-जुलैत येतात. फुलांनी लगडलेल्या झाडाचे नुसते छायाचित्र पाहून बहार ओळखता येत नाही. चित्राला महिना जोडला की गोष्टीला काळ मिळतो. क्रमातील एक चित्र काढून घेऊन ‘मंधात काय झालं असंन?’ असे विचारणे ही साधी युक्ती मुलांना बोलते करण्यास बहुधा पुरेशी होते.

साधनांपैकी मुक्त परवान्याच्या चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स (२००४) आणि चित्रकथांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर (२०१५) यांचा विशेष उल्लेख करावा लागतो. दुसऱ्यावर मराठी कथा असून तेथील कथांचे भाषांतर व रूपांतर करता येते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळच्या काही गावांत कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी हा मुद्दा कळीचा आहे, कारण कथा आधी घरच्या भाषेत आणि मग मराठीत सांगता येते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्यात रूपांतरास मनाई असते, त्याखालील कथेचे भाषांतर वाटता येत नाही. फुकट मिळालेले सारेच मुक्त नसते. भारतीय कॉपीराइट कायद्यातील (१९५७) कलम ५२ अन्वये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने केलेली नक्कल क्षम्य आहे, पण तीच चित्रे सार्वजनिक व्हिडिओत टाकली की या सवलतीचा आधार घेणे अवघड होते.

चित्रावरील मराठी अक्षरांबाबत थोडे तपशिलात जाणे आवश्यक आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांत बदलतो, म्हणून युनिकोड अनिवार्य. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण मानले. अनेक मोफत फाँट मात्र मूलतः हिंदी वळणाचे ल व श दाखवतात. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यास योग्य वळण मिळते, परंतु चित्रे जुळवणाऱ्या पुष्कळ अ‍ॅपमध्ये ही निवडच नसते. पहिलीतल्या मुलाला पुस्तकात एक ल आणि पडद्यावर दुसरा दिसणे इष्ट नाही. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ऱ तर हमखास मोडतो आणि रफार होऊन ‘वर्हाड’ उमटते.

मोबाइलवरील १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र अनेकदा ३ ते ५ एमबीचे असते. १,२८० पिक्सेल रुंदीला ते काही शे केबीत मावते आणि वर्गातील टीव्हीवर फरक फारसा जाणवत नाही. त्यामुळे चित्रे आधी लहान करून पेनड्राइव्हवर नेणे सोयीचे ठरते. वीज नसेल तर त्यांचेच छापील संच खडूच्या पेटीला टेकवून चालतात. विद्यार्थ्यांचे चेहरे असलेली छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅप गटांत पाठविण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे.