आत टाकलेलं, आत वाढलेलं

‘पायातली गाठ छातीत कशी गेली रे?’ मावशीने विचारलं. दवाखान्यातून घरी येऊन तिला दोन दिवस झाले होते आणि डिस्चार्ज कार्डावर ‘पल्मनरी एम्बोलिझम’, म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, असं लिहिलेलं होतं. दिंडोरीकडे तिची द्राक्षबाग आहे, म्हणून मी ठिबकचं उदाहरण दिलं. नळीत मागे कुठेतरी शेवाळ धरतं, त्याचा तुकडा सुटतो, पाण्याबरोबर पुढे जातो आणि ड्रिपरच्या बारीक तोंडाशी बसतो. ड्रिपर चोक. मावशीला लगेच पटलं. कार्डावरचा शब्द मात्र तिच्यासाठी परकाच राहिला. तो आला कुठून हे शोधायला मी बसलो, आणि पाहतो तर या शब्दाचा शेजार थेट गर्भाशी निघाला.

ग्रीक भाषेत ‘एम्बोलोस’ म्हणजे आत घातलेली वस्तू: पाचर, खुंटी, बूच. शत्रूच्या जहाजाला धडक द्यायला युद्धनौकेच्या पुढे जे टोक बसवत, त्याचं नावही याच धातूतून आलं. ‘एम’ म्हणजे आत आणि ‘बाल्लेइन’ म्हणजे फेकणे, टाकणे. इंग्रजीत एम्बोलिझम हा शब्द चौदाव्या शतकापासून सापडतो, पण तेव्हा त्याचा रक्ताशी काही संबंध नव्हता. चंद्राचं आणि सूर्याचं वर्ष जुळवण्यासाठी पंचांगात जादा दिवस किंवा महिना आत घालायचा, त्याला एम्बोलिझम म्हणत. म्हणजे आपला अधिकमास! २०२३ साली अधिक श्रावणात रामकुंडावर स्नानाला जी गर्दी उसळली, जावयांना तेहतीस अनारशांचं वाण गेलं, तो धोंड्याचा महिना युरोपातल्या जुन्या ज्योतिषांच्या भाषेत ‘एम्बोलिझम’च होता. रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीचा अर्थ या शब्दाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चिकटला.

तो चिकटवणारा माणूस रुडॉल्फ फिरखो, बर्लिनचा डॉक्टर. १८४६ साली तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत, गुठळी सापडली, तर ती तिथेच तयार झाली असणार, असं त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानत. फिरखोने पायाच्या नीलांतल्या, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांतल्या, गुठळ्याही पाहिल्या. फुप्फुसातला तुकडा आणि पायातल्या गुठळीचं तुटकं टोक यांचा मेळ बसतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने कुत्र्यांच्या मानेच्या नीलेतून रबराचे बारीक तुकडे आत सोडले आणि ते फुप्फुसात जाऊन बसलेले दाखवले. गाठ पायात होते, सुटते, वर जाते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे सरकते आणि फुप्फुसाच्या फांद्या जिथे निमुळत्या होतात तिथे अडते. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, आणि माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासात इतकं स्वच्छ उत्तर फार कमी प्रश्नांना मिळालं आहे.

फिरखोने दोन शब्द वेगळे ठेवले, आणि त्यामागे विचार होता. जागच्या जागी धरणारी गुठळी म्हणजे थ्रॉम्बस. ग्रीकमध्ये ‘थ्रॉम्बोस’ म्हणजे गोळा, साकळलेल्या रक्ताचा किंवा दुधाचा. वाहून आलेला तुकडा म्हणजे एम्बोलस. पहिला दिसला तर तो का धरला हे शोधायचं. दुसरा दिसला तर तो कुठून सुटला हे शोधायचं, कारण मागे आणखी तुकडे सुटायच्या बेतात असू शकतात.

मराठीत परिभाषा घडवताना हा भेद नीट जपला गेला. थ्रॉम्बोसिस म्हणजे ‘अंतर्क्लथन’, एम्बोलिझम म्हणजे ‘अंतर्कीलन’. पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन्ही शब्द मला जड वाटले होते. पण ‘कील’ म्हणजे खुंटी, पाचर. ग्रीक एम्बोलोसचा तोच अर्थ. ज्याने कोणी हा शब्द निवडला, त्याला मूळ शब्दाच्या पोटात काय आहे ते ठाऊक होतं.

आणि कील आपल्या वैद्यकात नवा नाही. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे, म्हणजे बाळंतपणात अडलेल्या गर्भाचे, चार प्रकार दिलेले आहेत: कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. हात, डोकं आणि पाय वर अशा अवस्थेत जो गर्भ खुंटीसारखा योनिमुख अडवतो, तो कील. म्हणजे अडलेल्या गर्भासाठी संस्कृत वैद्यांनी वापरलेला शब्द शतकानुशतकांनी अडलेल्या गुठळीच्या नावात येऊन बसला. मुद्दाम की योगायोगाने, याच्या फंदात मी पडत नाही. शब्दाची दोन टोकं अशी जुळलेली पाहून मला मनापासून आनंद झाला, एवढं खरं.

रोहिणी आणि नीला ही नावंही तिथूनच आली. सुश्रुताने सिरांचे, म्हणजे शरीरातल्या वाहिन्यांचे, चार वर्ग सांगितले: अरुणा, नीला, गौरी, रोहिणी. त्याच्या हिशेबात नीला पित्त वाहते आणि रोहिणी रक्त. आपण त्यातली दोन नावं उचलून नवा अर्थ दिला. चरकाने स्रोतसांच्या, म्हणजे शरीरातल्या वाहक मार्गांच्या, बिघाडात ‘संग’ म्हणजे अडथळा आणि ‘सिराग्रंथी’ सांगितली आहे. पण म्हणून फिरखोचा शोध आपल्याकडे आधीच लागला होता असं कोणी म्हणू लागलं, तर ते मला मान्य नाही. रक्त हृदयातून निघून फिरून हृदयात येतं, हे माहीत झाल्याशिवाय पायातली गाठ छातीत कशी जाते, हे कळणं शक्यच नव्हतं.

ते फिरणं विल्यम हार्वेने १६२८ साली मांडलं. त्याचा इटलीतल्या पदुआतला शिक्षक फॅब्रिशियस. त्याने नीलांमधल्या झडपांवर १६०३ साली लिहिलं आणि अंड्यातल्या पिल्लाच्या वाढीवरही लिहिलं. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली छापलं गेलं. हार्वेनेही पुढे तोच रस्ता धरला. १६५१ साली त्याचा प्राण्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ आला आणि त्याच्या मुखचित्रावर ‘सर्व काही अंड्यातून’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द होते. हार्वेकडे एकच दुवा राहिला होता: रोहिणीतलं रक्त नीलेत नेमकं कुठून जातं? १६६१ साली मार्चेल्लो माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. याच माल्पिगीने हृदयात सापडणाऱ्या गुठळ्यांवर लिहिलं आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाची बारीक चित्रंही काढली. तिघांनीही रक्तवाहिन्या पाहिल्या आणि तिघांनीही गर्भ पाहिला. कारण साधं आहे. उबवलेलं अंडं तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडलं की धडधडणारा लाल ठिपका आणि त्यातून फुटलेल्या वाहिन्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. ॲरिस्टॉटलनेही तो ठिपका पाहिला होता. जिवंत रक्ताभिसरण इतक्या सहज दुसरीकडे कुठे दिसणार!

‘एम्ब्रियो’ या शब्दात तोच ‘आत’ आहे. ‘ब्रुएइन’ म्हणजे फुगणे, भरून येणे. जे आत वाढतं ते एम्ब्रिऑन. होमरच्या काव्यात मात्र हा शब्द मेंढीच्या कोवळ्या कोकरासाठी येतो. या दोन शब्दांच्या मधोमध आणखी एक शब्द उभा आहे, ‘एम्बोली’. मूळ एम्बोलिझमचंच, पण काम गर्भविज्ञानात. पेशींच्या पोकळ गोळ्याची एक बाजू आत वळते आणि दुपदरी वाटी तयार होते, त्या क्रियेला हे नाव आहे. टम्म फुगलेल्या पुरीची वरची बाजू बोटाने हळूच आत दाबून पाहा. काही साध्या समुद्री प्राण्यांत हे असंच घडतं. माणसाच्या गर्भात तिसऱ्या आठवड्यात पेशी एका रेषेतून आत शिरतात. तऱ्हा निराळी, आत जाणं तेच. त्याच आठवड्यात पहिल्या रक्तवाहिन्या धरू लागतात, आणि बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय हलू लागतं.

आपल्याकडे गर्भाच्या वाढीला पायरीपायरीने नावं होती. कलल, बुद्बुद, पेशी, घन. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून आई दोन हृदयांची, ‘दौहृदिनी’, असं सुश्रुत सांगतो. आपल्या डोहाळ्यांची व्युत्पत्ती परंपरेने इथेच नेली जाते. मात्र ‘भ्रूण’ या शब्दाचं मला वाईट वाटतं. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाचा कायदा १९९४ साली आला, आणि हा शब्द घराघरांत पोचला तो ‘हत्या’ हे शेपूट लावूनच. नाशिक जिल्ह्यातला बागायतदार छाटणीनंतर डोळ्यात घड धरला का पाहतो, तेव्हा ‘गर्भधारणा’ हा शब्द किती मायेने वापरतो! भ्रूणाच्या वाट्याला तशी माया आली नाही.

१९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशिकच्या म्हसरूळला आहे. एमबीबीएस आणि बीएएमएस, दोन्हीकडच्या परीक्षा तिथून होतात. एका परीक्षेत ‘एम्बोलस’ आहे, दुसरीत ‘मूढगर्भाचा कील’. रुग्णापर्यंत मात्र यातला एकही पोचत नाही. त्याला सांगतात ‘गुठळी’ किंवा ‘ब्लॉकेज’. गुठळी चांगला शब्द आहे, पण फिरखोने केलेला भेद त्यात बुडतो. ‘अंतर्कीलन’ म्हणा असा हट्ट मी धरणार नाही. ‘जागची गुठळी’ आणि ‘वाहून आलेली गुठळी’ एवढं सांगितलं, तरी पाय सुजला तर का दाखवायचं आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने का बंद करायची नाही, हे घरच्यांना कळेल. गरोदर आणि बाळंत बाईच्या घरी तर हे कळायलाच हवं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाची तयारी म्हणून त्या काळात रक्त एरवीपेक्षा लवकर साकळतं, त्यामुळे पायात गुठळी धरण्याचा धोका वाढतो.

मावशीला आणखी एक शंका होती. शेजारच्या एका माणसाला पायातल्या गाठीमुळे अर्धांगवायू झाला, असं तिने ऐकलं होतं. पायातली गुठळी फुप्फुसात अडायला हवी, मग मेंदूत कशी गेली? हे कोडं यूलियुस कोनहाइमने १८७७ साली सोडवलं. गर्भात फुप्फुसं काम करत नाहीत, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक लहानशी खिडकी असते आणि रक्त तिच्यातून उजवीकडून डावीकडे जातं. बाळ पहिला श्वास घेतं, डावीकडचा दाब वाढतो आणि खिडकीची झडप मिटते. पुढे ती कायमची सांधली जाते. पण साधारण चारातल्या एका माणसात ती पुरती सांधत नाही. बहुतेकांना त्याचा जन्मभर काही त्रास होत नाही. क्वचित कधी खोकताना किंवा कुंथताना उजवीकडचा दाब वाढतो, झडप किलकिली होते आणि पायातून आलेली गुठळी, आईच्या पोटात असताना रक्त ज्या वाटेने जात होतं, त्याच वाटेने डावीकडे निसटते, आणि तिथून मेंदूत पोचू शकते.