ही हवायन गिटार नव्हे: नेस्मिथच्या १९७२ च्या अल्बममधली पेडल स्टील

अमेरिकन गायक-गीतकार मायकल नेस्मिथच्या ‘अँड द हिट्स जस्ट कीप ऑन कमिन’ या अल्बममध्ये वादक दोनच आहेत. गिटार वाजवत गाणारा नेस्मिथ आणि पेडल स्टीलवर रेड ऱ्होड्स. ड्रम नाहीत, बेस नाही, त्यामुळे ऱ्होड्सचा प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. फिल्मी धुनांच्या रेकॉर्डी ऐकलेल्या माणसाला ही हवायन गिटारच वाटते. नातं आहेच, दोन्हींत पोलादी बार तारांवरून सरकवतात. पण चढउतार घडतो वेगळ्या रीतीने.

हवायन गिटार, म्हणजे लॅप स्टील, मांडीवर ठेवतात. तारा साधारण ६ किंवा ८. बार सरळ सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच चढतात, सारख्याच उतरतात. एखादीच तार हलवायची तर बार तिरका धरावा लागतो किंवा बोटाने तार ओढावी लागते. तिरका बार जरा चुकला की कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बेसूर होते, म्हणून ही युक्ती जपून वापरतात.

पेडल स्टील स्वतःच्या पायांवर उभी असते. अमेरिकेच्या कंट्री संगीतात रूढ असलेल्या ई-नाइन्थ जुळणीत (तारा लावण्याच्या पद्धतीत) १० तारा, सहसा ३ पेडल आणि गुडघ्याने ढकलायचे काही लिव्हर. पहिलं पेडल ५ व्या आणि १० व्या तारेचा बी हा सूर एक पूर्ण स्वर चढवून सी शार्पवर नेतं. दुसरं ३ ऱ्या आणि ६ व्या तारेचा जी शार्प अर्धा स्वर चढवून ए वर. आता ४, ५, ६ या मोकळ्या तारा छेडा: ई मेजर कॉर्ड. पहिलं पेडल दाबलं की सी शार्प मायनर, दोन्ही दाबली की ए मेजर. ४ थी तार या सगळ्यात जागची हलत नाही. कुठल्याही घरावर बार ठेवा, हाच खेळ त्या पट्टीत मिळतो.

ऐकताना खूण हीच धरा: एक सूर स्थिर आणि त्याच्या शेजारचा वर चढतोय. आघाताशिवाय हळूच उमलणारा सूर ही मात्र खूण नाही. तो आवाज कमीजास्त करणाऱ्या वेगळ्या व्हॉल्यूम पेडलमुळे येतो आणि ते लॅप स्टीललाही जोडता येतं.

त्या काळच्या कंट्री-रॉकमध्ये आणखी एक वाद्य फसवतं, बी-बेंडर ही यंत्रणा बसवलेली टेलिकास्टर इलेक्ट्रिक गिटार. जीन पार्सन्स आणि क्लॅरेन्स व्हाइट या वादकांच्या या यंत्रणेत गिटार खाली दाबली की गळ्यातला पट्टा लिव्हर ओढतो आणि दुसरी तार एक स्वर चढते. तिथे चढणारी तार एकच, आणि एरवीचे सूर सरकत न येता पडद्यावर नेमके पडतात.