धमकी देणारा कागलचा, तक्रार मात्र निपाणीतच

"पोरगा कागलचा आहे, म्हणजे महाराष्ट्रात. तिकडेच जाऊन तक्रार द्या." मोबाइलवर धमकी आली की निपाणी, खानापूर, बेळगाव, कुठंही विचारा, हे ऐकायला मिळतंच. हे चूक आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. पुढं कागद योग्य ठाण्याकडं पाठवायचं काम पोलिसांचं. शिवाय धमकी तुमच्या मोबाइलवर, तुमच्या घरात पोचली, म्हणजे निपाणीचा संबंध आहेच की!

दुसरी अफवा: "६६-अ रद्द झालं, आता काही होत नाही." माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मेसेजबद्दलचं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली रद्द केलं, खरंय. पण धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे. जिवे मारण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. बाईचा ऑनलाइन पाठलाग केला तर कलम ७८, आणि तो दखलपात्र आहे. कलम ३५१ ची नुसती धमकी मात्र सहसा अदखलपात्र. तिथं तपासाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, एवढं ध्यानात ठेवा.

घाईत चॅट उडवू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ वहीत टिपा आणि मूळ मेसेज मोबाइलमध्येच राहू द्या. ठाण्यानं दखलपात्र तक्रारही घेतली नाही, तर बेळगावात पोलीस अधीक्षकांकडं लेखी अर्ज टपालानं पाठवता येतो.