ग्लोव्हवरचे आकडे: ॲम्ब्युलन्समधली नोंद स्क्रीनवर कशी आली

मागच्या पावसाळ्यात मामा चक्कर येऊन पडले, गगनबावड्याकडनं कोल्हापूरला आणले. गाडीतल्या डॉक्टरांनी बीपी, शुगर, सॅच्युरेशन सगळं बघितलं, कागद शोधायला वेळ कुठला, हातातल्या ग्लोव्हवरच पेनानं आकडे लिहिले आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर घडाघडा तोंडी सांगून पुढच्या कॉलला निघून गेले. अर्ध्या तासानं तिथली ड्युटी बदलली. नवीन डॉक्टरांनी विचारलं, गाडीत बीपी किती होता? मी मामीकडं बघतोय, मामी माझ्याकडं. ग्लोव्ह तोवर कचऱ्याच्या लाल पिशवीत गेलेला. मामा ठणठणीत आहेत आता, काळजी नको, पण तेव्हापासनं ॲम्ब्युलन्समधल्या नोंदीचं हे खूळ डोक्यात बसलंय.

ॲम्ब्युलन्सची गोष्ट नेपोलियनच्या काळापासनं सुरू करत नाही. सरळ १९६६ वर येतो. त्या वर्षी अमेरिकेत अपघाती मृत्यूंवर एक अहवाल आला, त्यात म्हटलं होतं की देशातली जवळपास निम्मी ॲम्ब्युलन्स सेवा १२,००० अंत्यविधीवाले चालवतात. म्हणजे शववाहिका आणि रुग्णवाहिका एकच, कारण आडवं झोपवून न्यायची सोय त्याच गाडीत! अशा गाडीत पेशंटची नोंद कोण ठेवणार, आणि कशाची? वाटेत उपचारच नाहीत तर लिहायचं काय.

गंमत म्हणजे त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज नावाच्या डॉक्टरनं हार्ट ॲटॅकच्या पेशंटकडं गाडीच पाठवायला सुरुवात केली, आत डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक द्यायचं यंत्र, तो कारच्या बॅटरीवर चालणारा आणि वजन जवळपास ७० किलो. उचलणाऱ्याचंच हार्ट बंद पडायचं! पण तिथनं गणित बदललं. गाडीत शॉक दिला, औषध दिलं, तर पुढच्या डॉक्टरला ते कळायलाच पाहिजे ना, नाहीतर तेच औषध परत जाईल. माझ्या मते ॲम्ब्युलन्समधली नोंद ठेवणाऱ्या आजच्या सगळ्या सॉफ्टवेअरचं मूळ हेच, कॉम्प्युटर नंतर आला.

१९७३ मध्ये अमेरिकेनं आपत्कालीन सेवेचा कायदा केला, त्यात चांगल्या सेवेला लागणाऱ्या १५ गोष्टी होत्या आणि त्यातली एक होती पेशंटच्या नोंदी एकमेकींशी जुळवून ठेवणं. पुढच्याच वर्षी ग्लासगो कोमा स्केल आलं, पुढं त्याचा ३ ते १५ मधला एक आकडा झाला, पेशंट कितपत शुद्धीवर आहे ते सांगणारा. फॉर्म बनवणाऱ्यांना हे वरदानच, 'जरा गुंगीत वाटतोय' असं लिहिण्यापेक्षा '१३' लिहिलं की काम झालं. तरी बरीच वर्षं कार्बन लावलेला फॉर्मच चालू होता, वरची कॉपी एकाला, खालची दुसऱ्याला, आणि खालची कुणालाच वाचता येत नसे.

खरी भानगड वेगळीच होती, प्रत्येक गावाचा फॉर्म वेगळा. एकाचा 'पोचलो' म्हणजे गाडी गेटवर थांबली, दुसऱ्याचा 'पोचलो' म्हणजे पेशंटला हात लावला. मग तुलना कशी करणार? हृदय बंद पडलेल्या पेशंटांपुरतं हे कोडं १९९० च्या नॉर्वेतल्या युटस्टाईन मठातल्या बैठकीनंतर सुटायला लागलं, पुढच्या वर्षी व्याख्या छापून आल्या. अमेरिकेत १९९३ च्या सुमारास ८१ रकान्यांची एक सामायिक यादी झाली, आणि २००१ नंतर तिथल्या राज्यांनी मिळून नेमसिस नावाचं मानक उभं केलं. कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या, माहिती बाहेर पडताना ठरलेल्या साच्यातच पडली पाहिजे, असा हिशोब. त्यानंतर टॅबलेट, मॉनिटरवरचा ईसीजी आपोआप नोंदीत येणं, वगैरे. आणि हो, तिथं बिलं निघतात या नोंदीवर, त्यामुळं कंपन्यांनी मनापासनं काम केलं असावं असं आपलं माझं मत.

आता आपल्याकडं या. १०८ च्या आधी कोल्हापुरात गाडी म्हणजे सरकारी दवाखान्याची, नाहीतर एखाद्या ट्रस्टची, तालमीची, मंडळाची. पोरं रात्री दोनला पण गाडी काढायची, त्याबद्दल शब्द नाही. पण नोंद कसली, तर लॉगबुक. किती वाजता निघाली, मीटर किती, डिझेल किती. गाडीची कुंडली पूर्ण, पेशंटचं नुसतं नाव. आपल्याकडच्या नोंदीचा आजा हा लॉगबुक आहे, केस पेपर नाही, आणि ही सवय अजून गेलेली नाही.

१०८ हा नंबर १५ ऑगस्ट २००५ ला हैदराबादमधनं सुरू झाला, महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ ला आला, तेव्हा ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स, म्हणजे जास्त उपकरणांच्या, आणि ७०४ बेसिक, कंट्रोल रूम पुण्यात औंधला. आपल्याकडं गाडीत डॉक्टर असतो, ड्रायव्हरला पायलट म्हणतात. सेवा मोफत, म्हणजे पेशंटला बिल नाही. पण सरकारला गाड्या चालवणाऱ्या ठेकेदाराचे पैसे द्यायचे तर गाडी किती फिरली, किती मिनिटांत पोचली हे बघावंच लागणार, म्हणजे फिरून परत गाडीचाच हिशोब पुढं. जीपीएसमुळं तो चोख झाला. पेशंटला आत काय झालं हे मात्र कुणीतरी बोटानं भरल्याशिवाय येत नाही.

आणि भरायचं कधी? गगनबावड्याच्या घाटात एकीकडं ऑक्सिजनचा मास्क धरायचा, दुसरीकडं स्क्रीनवर लाल चांदणी असलेला रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. रेंज गायब. म्हणून अशा सॉफ्टवेअरला आधी मशीनमध्येच साठवून रेंज आली की पाठवायची सोय लागतेच, नाहीतर करूळ घाटापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. घड्याळांचं आणखी वेगळंच, कंट्रोल रूमचं एक, मॉनिटरचं दुसरं, डॉक्टरच्या मनगटावरचं तिसरं. तिन्ही जुळवली नाहीत तर कागदावर शॉक आधी आणि गाडी नंतर पोचते!

कोल्हापूरची म्हणून एक अडचण, ती फक्त आपल्यालाच कळेल. सॉफ्टवेअरमध्ये 'सीपीआर' म्हणजे छाती दाबणं, आपल्याकडं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे हॉस्पिटल. 'पेशंट सीपीआरला' असं कुणी नुसतं लिहिलं तर पुण्यातला माणूस घाबरून उठेल.

कागदावरचे नियम आपल्याकडं आहेत बरं का. इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानकं केंद्रानं २०१३ ला काढली, २०१६ ला सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, ज्याच्या त्याच्या तब्येतीच्या नोंदी जोडायला १४ अंकी आभा नंबर आला. पण त्यातली नोंद दुसऱ्याला दाखवायला पेशंटची संमती लागते, आणि शिरोलीजवळ हायवेवर बेशुद्ध पडलेला माणूस ओटीपी कसा सांगणार, त्याचा मोबाईल डिव्हायडरपलीकडं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जिवावरच्या इमर्जन्सीत संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवलीय, ते शहाणपणाचं केलं. आता ती मुभा रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीतल्या स्क्रीनवर कुठल्या बटणानं उघडते, हे बनवणाऱ्यांनी ठरवायचंय.

मामांच्या फाईलमध्ये गाडीचा नंबर आणि पोचल्याची वेळ बरोब्बर लिहिलीय. बीपीच्या रकान्यात पहिला आकडा आहे तो हॉस्पिटलात घेतलेला.