अलक, जळू आणि करवीर तालुका

रमजान आला की आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. सूटबूट घातलेला गोरा प्राध्यापक पोटातल्या गर्भाची चित्रं दाखवतोय, खाली कुराणातल्या आयती सरकताहेत. पाठवणारा मित्र दसरा चौकाजवळचा, पक्का कोल्हापुरी. त्याखाली त्याची ओळ ठरलेली: "बघ भावा, सायन्सनं आत्ता शोधलं, ते आमच्यात चौदाशे वर्षांपूर्वी लिहिलंय."

या सगळ्याच्या मुळाशी एक अरबी शब्द आहे, अलक. शब्द परका वाटला तरी त्याचं गोत आपल्या सातबाऱ्यावर आहे. ऐन-लाम-काफ या धातूचा अर्थ लटकणं, चिकटणं, जोडलेलं असणं. त्यातून 'तअल्लुक' आला, आणि कारभाराच्या फारसीतून घासत घासत आपला 'तालुका' झाला, म्हणजे कुणाच्या तरी ताब्याला जोडलेला मुलूख. करवीर तालुक्यातल्या माणसाला अलक म्हणजे काय हे सांगायला खरं तर कोश लागू नये.

पण कोशात त्याचे अर्थ अनेक: गोठलेलं रक्त, चिकटून लोंबणारी वस्तू, आणि जळू. पावसाळ्यात राधानगरीच्या रानात फिरून आलेल्याला तिसरा अर्थ पायावरच दिसतो. काळी, मऊ, दोन्ही टोकांनी पकडणारी. पोट भरल्याशिवाय किंवा मीठ टाकल्याशिवाय सहसा सुटत नाही.

परंपरेनुसार मक्केजवळच्या हिरा गुहेत प्रेषितांवर सर्वांत आधी उतरलेल्या आयतींमध्येच हा शब्द आहे: माणसाला अलकपासून घडवलं. पुढे 23 व्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, पूर्ण क्रम येतो. आधी मातीचा अर्क, मग नुत्फा म्हणजे थेंब, मग अलका (अलकचंच रूप), मग मुद्गा म्हणजे चघळलेल्या घासाएवढा गोळा, मग हाडं, मग हाडांवर मांसाचं पांघरूण. 22 व्या सूरहमधली पाचवी आयतही हाच प्रवास सांगते, पण तिची सुरुवात फार महत्त्वाची आहे आणि व्हिडिओत ती नेमकी कापलेली असते. लोकहो, मेलेल्यांच्या पुन्हा उठण्याविषयी तुम्हाला शंका असेल, तर आम्ही तुम्हाला कशापासून घडवलं ते पाहा, असं ती म्हणते. विषय कयामतीचा आहे. गर्भ हा दाखला, आणि दाखला ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीचाच देतात. नवीन शोध सांगून कुणी शंका फेडत नाही. मला तरी या आयतीचं बळ तिथं दिसतं.

तेव्हाच्या जगाला गर्भाविषयी बरंच काही ठाऊक होतं, अर्धं बरोबर, अर्धं चूक. अॅरिस्टॉटलनं उबवणीतली अंडी फोडून पिल्लाची वाढ पाहिली होती. बापाचं बीज आईच्या रक्ताला दुधातल्या विरजणासारखं घट्ट करतं, असं त्याचं मत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गॅलेननं गर्भाच्या चार अवस्था मांडल्या, त्यातली दुसरी रक्तानं भरलेली. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक आणि त्याच्या मंडळींनी गॅलेन अरबीत आणला, तेव्हा हकीम आणि हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचे, अभ्यासक मूल कशापासून घडतं या एकाच प्रश्नावर समोरासमोर आले. कैरोचा इब्न हजर (मृत्यू 1449) बुखारीच्या हदीससंग्रहावरच्या भाष्यात वैद्यांना थेट उत्तर देतो: मूल नुसत्या आईच्या रक्ताचं नसतं, दोघांच्या पाण्याचं असतं. त्याच्याआधी चौदाव्या शतकात अंदलुसच्या (मुस्लिम स्पेनच्या) शातिबी या पंडितानं बजावलं होतं की पहिल्या श्रोत्यांना जी शास्त्रं ठाऊक नव्हती ती कुराणात शोधू नयेत. हे वाद चालले ते विद्वानांमध्ये. कुणाला धर्मात ओढायचं म्हणून नव्हे.

मग युरोपात सूक्ष्मदर्शक आला. 1677 मध्ये लेवेनहुकला शुक्राणू दिसले, 1827 मध्ये फॉन बेअरला सस्तन प्राण्याचं बीजांड सापडलं, 1876 मध्ये हर्टविगनं समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्यात शुक्राणू आणि बीजांडाची केंद्रकं एक होताना पाहिली. या दोनशे वर्षांत एकही पायरी कुणी आयतीवरून आधी सांगितली नाही. जुळणी नेहमी शोधानंतर झाली.

व्हिडिओवाली जुळणी तर कालपरवाची. 1976 मध्ये मॉरिस ब्युकाय या फ्रेंच डॉक्टरनं बायबल, कुराण आणि विज्ञान यांची तुलना करणारं पुस्तक काढलं. अलकचं भाषांतर 'रक्ताची गाठ' करणं चूक, 'चिकटलेली वस्तू' म्हणा, हा आग्रह त्याचा. गर्भाशयाच्या भिंतीला गर्भ रुजतो, म्हणून. त्यानंतर आले व्हिडिओतले प्राध्यापक, टोरांटोचे शरीररचनातज्ज्ञ कीथ मूर. त्यांचं भ्रूणशास्त्राचं पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जायचं. 1980 च्या सुमारास जेद्दाहच्या विद्यापीठानं त्यांना बोलावलं, येमेनचे धर्मपंडित अब्दुल मजीद झिंदानी भेटले, आणि 1983 मध्ये त्या पुस्तकाची झिंदानींच्या पुरवण्या जोडलेली खास आवृत्ती निघाली. एरवीच्या आवृत्तीत त्या पुरवण्या नाहीत. चोवीस दिवसांच्या गर्भाच्या चित्राशेजारी जळू ठेवली गेली. अठ्ठावीस दिवसांच्या गर्भाच्या पाठीवरचे मणके-स्नायूंचे गठ्ठे दातांच्या खुणांसारखे दिसतात, हे पटवायला प्लॅस्टिसिनचा (खेळण्यातल्या मातीसारख्या पदार्थाचा) गोळा दातांनी चावून शेजारी मांडला.

चावलेला गोळा पाहताना मलाही क्षणभर पटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण 'घासाएवढा' म्हणावं तर चौथ्या आठवड्यातला गर्भ जेमतेम चार मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान. आणि हाडं आधी, मांस मग, हा क्रम वर्गात टिकत नाही: कूर्चा आणि स्नायू जवळपास एकाच वेळी घडत जातात, आणि कूर्चेचं हाड होणं तर जन्मानंतरही अनेक वर्षं चालू असतं. मूर स्वतः नंतर या विषयातून बाजूला झाले. 2002 मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रानं विचारलं, तेव्हा आपला याच्याशी बऱ्याच वर्षांत संबंध नाही, असं सांगून त्यांनी विषय मिटवला.

मित्राला हे सगळं ऐकवण्याआधी आपलं घरही झाडून घ्यावं. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात एका रात्रीत कलल म्हणजे चिकट द्रव, पाच रात्रींत बुडबुडा, दहा दिवसांत बोराएवढा, असा गर्भाचा हिशेब आहे, आणि गर्भसंस्काराच्या वर्गात तो 'ऋषींची सोनोग्राफी' म्हणून सांगितलेला मी कानांनी ऐकलाय. तिथंही श्लोकाचा विषय वेगळाच आहे, गर्भवासाचं दुःख आणि वैराग्य. दासबोधातला जन्मदुःखाचा समासही त्याच वाटेचा.

शाहू महाराजांच्या पुढाकारानं 1906 मध्ये इथं मुसलमान मुलांच्या शिक्षणाची संस्था उभी राहिली. तिचं मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आहे. तिथून सरकारी सीपीआर दवाखाना चालत काही मिनिटांवर. या दोन इमारतींच्या मधल्या वाटेवर गर्भाचा प्रश्न खरोखर येतो, पण तो जळूचा नसतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या एका हदीसमध्ये चाळीस दिवसांचे तीन टप्पे आहेत, त्यानंतर फरिश्ता आत्मा फुंकतो. ते 120 दिवस धरून फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, पंडितांनी गर्भपाताचे नियम बांधले. हनफी आणि मालिकी हे त्या कायद्याचे दोन पंथ: हनफींपैकी अनेकांनी त्याआधी सबळ कारण असेल तर सवलत दिली, मालिकींनी बहुधा नाकारली. आपल्या कायद्याची रेघ वेगळी: 1971 पासून 20 आठवडे, 2021 च्या दुरुस्तीनंतर काही स्त्रियांसाठी 24. बाळात व्यंग आहे असं कळल्यावर एखादं जोडपं रिपोर्टची पिशवी घेऊन आधी डॉक्टरांकडे बसतं, मग मौलानांकडे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच येतो: किती दिवस झाले?