टाकणखाराची नावं कुठून आली?

विटा, आटपाडी, खानापूर भागातला गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा कारागीर, देशात कुठेही दुकान थाटो, भट्टीशेजारी पांढऱ्या खाराचा डबा असतोच. गावाकडे तो टाकणखार, इंग्रजीत बोरॅक्स. उत्तरेत तोच मागायचा तर सुहागा, तमिळनाडूत वेंकारम, तेलुगू मुलखात वेलिगारम. जत तालुक्यातल्या कन्नड घरांत बिळिगार. दक्षिणेतल्या तिन्ही नावांचा अर्थ एकच, पांढरा खार.

संस्कृत ‘टंकण’ मात्र कामावरून पडलं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ‘टङ्क्’ म्हणजे बांधणं. टाकसाळीतला ‘टंक’ नाण्याचा, त्यामुळे तिकडून अर्थ लावायचा मोह होतो. पण दागिन्याचा सांधा जोडताना हा खार काय करतो ते पाहिलं की बांधण्याचाच अर्थ पटतो. वितळलेला खार तांब्याचा गंज विरघळवतो, सांधा स्वच्छ होतो आणि डाक, म्हणजे सांधा जोडणारा वितळलेला धातू, आत खेचला जातो.

सुहागा आणि आपल्याकडची जुनी ‘सवागी’ दोन्ही ‘सौभाग्य’वरून. हिंदीत ‘सोने पे सुहागा’ म्हणतात तिथे आपण ‘दुधात साखर’ म्हणतो. सोनं गाळणारे आपले, म्हण मात्र त्यांची.

कच्च्या खारात वजनाच्या सुमारे ४७ टक्के पाणी असतं. तापला की तो फुगतो आणि मुशीतला, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यातला, बारीक कीस सोबत उडवतो. म्हणून आधी तव्यावर त्याची लाही करतात, मग ती कुटून वापरतात. लाही सुमारे ७४० अंश सेल्सिअसला वितळते, सोनं १०६४ अंशांना. धातू पाझरेपर्यंत वर खाराची काच तयार असते. खार जास्त पडला तर ही काच मातीची मूस खाते आणि सोन्याचे बारीक मणी पोटात धरून बसते. नव्या मुशीला मात्र आतून त्याचाच पातळ थर देतात.

‘बोरॅक्स’ची वाट वेगळी. फारसी ‘बूरह’, अरबी ‘बूरक’, मग लॅटिन. अरबीत हा शब्द इतर खारांनाही चालायचा, त्यामुळे जुन्या ग्रंथांतला बोरॅक्स म्हणजे टाकणखारच असेल असं नाही. तिबेटमधून येणाऱ्या कच्च्या मालाला युरोपी व्यापारी ‘टिंकल’ म्हणत. ते आपलंच टंकण, मलायी बोलीतून फिरून गेलेलं. १८०८ मध्ये याच खाराच्या आम्लातून नवं मूलद्रव्य वेगळं निघालं. त्याला बोरॉन हे नाव बोरॅक्सवरूनच मिळालं, आणि कॅरमवर टाकायच्या बोरिक पावडरीतलं ‘बोर’ही तेच.