चेकसम जुळला नाही म्हणून लगेच डिस्क बदलू नका

लिनक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘गार्ड टॅग एरर’ (डेटा आणि त्यावरून काढलेली पडताळणीची संख्या, म्हणजे चेकसम, जुळत नाही अशी तक्रार) दिसली की लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, फोन जातो, नव्या डिस्कचा भाव विचारायला. पण ही एरर लिहिताना आली असेल तर डिस्क बहुधा ठणठणीत असते.

टी-टेन डीआयएफ या डेटा पडताळणीच्या पद्धतीत ५१२ बाइटांच्या प्रत्येक सेक्टरला (डिस्कवरच्या तुकड्याला) ८ बाइटांचं शेपूट लागतं: २ बाइट सीआरसी (हाच चेकसम, म्हणजे गार्ड टॅग), २ ॲप्लिकेशनसाठी, ४ सेक्टरच्या पत्त्यासाठी. वाटेत कंट्रोलर आणि डिस्क सीआरसी नव्याने काढून ताडून पाहतात.

गोम आहे ती रॅममध्ये. फाइलमध्ये लिहिलेलं आधी ४,०९६ बाइटांच्या पेजमध्ये साठतं. लिनक्स ते सवडीने डिस्ककडे धाडतो. ८ सेक्टरचे ८ सीआरसी काढतो आणि पेज रांगेत लावतो. प्रत मात्र काढत नाही! कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, तेच पेज थेट रॅममधून उचलतो. या दोन क्षणांच्या मधे प्रोग्रॅमने त्याच पेजमध्ये एक ओळ वाढवली, किंवा फाइल सिस्टिमनेच मेटाडेटातला (फाइलींच्या नोंदींतला) एक बिट फिरवला, की डेटा नवा आणि सीआरसी जुना. तपासणी नव्हती तेव्हा हे खपून जायचं, कारण बदललेलं पेज ‘डर्टी’ (डिस्कवर न पोचलेला बदल असलेलं) ठरून पुन्हा लिहिलं जायचंच.

२०११ मध्ये लिनक्स ३.० ने ‘स्टेबल पेजेस’ आणली: लिहून होईपर्यंत पेजला हात लावायचा नाही, लिहिणाऱ्याने थांबायचं. एमएमॅप केलेलं (फाइल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडून घेतलेलं) पेज तोवर रीड-ओन्ली होतं. त्यावर लिहायला गेलं की पेज फॉल्ट (प्रोसेसरची अडवणूक) येतो आणि प्रोग्रॅम तिथेच अडतो. सतत शेवटच्या पेजवर लिहिणारे लॉग त्यामुळे रखडू लागले. म्हणून २०१३ च्या ३.९ पासून ही सक्ती गरज असलेल्या डिस्कपुरतीच उरली. डिस्कच्या ‘क्यू’ फोल्डरमधल्या ‘स्टेबल राइट्स’ फाइलमध्ये १ दिसला, तर ती चालू आहे.



डिस्क बदलण्याआधी दोन गोष्टी बघा: एरर त्याच सेक्टरवर येते की दरवेळी वेगळ्या, आणि डिस्कची डिफेक्ट लिस्ट (खराब सेक्टरांची यादी) वाढतेय का. सेक्टर वेगवेगळे आणि लिस्ट जैसे थे, तर संशय सॉफ्टवेअरवर घ्या.

डायरेक्ट आय-ओमध्ये, म्हणजे लिनक्सची पेजेस टाळून थेट डिस्कवर लिहिताना, मात्र कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) हा पहारा चालत नाही. बफर (डेटा ठेवलेली रॅममधली जागा) प्रोग्रॅमचा स्वतःचा असतो. २०२५ आधीच्या लिनक्समध्ये बीटीआरएफएसवर (स्वतः चेकसम ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमवर) व्हर्च्युअल मशीनची इमेज ‘कॅश नन’ने, म्हणजे डायरेक्ट आय-ओने, चालवली आणि गेस्टने (आत चालणाऱ्या सिस्टिमने) लिहिता लिहिता बफर बदलला, तर चुकीचा चेकसम डिस्कवर पक्का बसू शकत असे, आणि एरर यायची ती नंतर कधीतरी, वाचताना.